समुद्रकाठचं राइड्सचं पार्क बंद पडतंय? मग त्याच्या आठवणी जपताना या चुका टाळा

पार्क बंद होणार अशी बातमी आली की सगळे शेवटच्या दिवशी फोन घेऊन धावतात, आणि पहिली चूक तिथेच होते, कारण त्या दिवशीच्या फोटोत फक्त गर्दी येते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ॲस्ट्रोलँड नावाचं पार्क होतं, १९६२ ला सुरू झालेलं, सप्टेंबर २००८ मध्ये बंद पडलं. पण ते चालवणाऱ्या कुटुंबानं २००४ मध्येच कोनी आयलंड हिस्ट्री प्रोजेक्ट सुरू करून लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या होत्या. त्या मुलाखती आज ऑनलाइन घरबसल्या ऐकता येतात.

दुसरी चूक, "एवढं जुनं आहे, सरकार सांभाळेलच की". अजिबात नाही. तिथलाच १९२७ चा सायक्लोन रोलर कोस्टर १९८८ मध्ये आणि १९२० चं वंडर व्हील, म्हणजे मोठा पाळणा, १९८९ मध्ये संरक्षित यादीत गेलं म्हणून टिकलं. आणि १९२५ चा थंडरबोल्ट रोलर कोस्टर? यादीत नव्हता, नोव्हेंबर २००० मध्ये पालिकेनं पाडून टाकला, नंतर कोर्टात ज्युरीनं ते पाडणं चुकीचं ठरवलं, पण तोपर्यंत जागा मोकळी झालेली. त्यामुळे अर्ज, नकाशे, मोजमापं, रंगाचे फोटो हे सगळं पार्क चालू असतानाच करा.

मोठी वस्तू उचलून आणायची घाई पण नको बरं का. ॲस्ट्रोलँडचं रॉकेट आधी राइड होतं, मग एका हॅम्बर्गरच्या दुकानाच्या छपरावर जाऊन बसलं, पार्क बंद झाल्यावर ते शहराला दिलं, आणि परत कोनी आयलंडवर यायला २०१४ उजाडलं. ठेवायची जागा आधी ठरवा, मग क्रेन बोलवा. आणि खाऱ्या हवेत गंजलेला बोर्ड हाती लागला तर त्याला चकाचक ऑइलपेंट मारू नका, खालचे जुने रंगाचे थर हाच तर त्याचा इतिहास असतो.

आता कागदांचं. इथे मी स्वतः माती खाल्लीये. प्रिंटरवाली तिकिटं होती, टिकावीत म्हणून हौसेनं लॅमिनेट करायला दिली आणि परत आली ती काळीठिक्कर, कारण तो थर्मल कागद असतो, उष्णता लागली की काळा पडतो, आणि नुसता ठेवला तरी अक्षरं उडतात. म्हणून आधी स्कॅन. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा धागा, फ्लॉस, मागून हळूहळू सरकवायचा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. गोराईला लाँचमधून एस्सेलवर्ल्डला गेलेल्यांच्या घरी असे अल्बम हमखास सापडतील, फोटोमागे तारीख आणि नावं पेन्सिलनं लिहा, बॉलपेननं नको, त्याचा पुढून उठाव येतो. व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगाच, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि तो कधी काढला ती माहितीपण जाते.

मुलाखत घेताना वारा सगळी मजा घालवतो. नंतर ऐकलं की नुसतं फर्रर्र. तिकीट खिडकीच्या आडोशाला बसा, माइकवर स्वच्छ मोजा चढवा, अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका आणि मगच पुढे जा. परवानगी सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या. आणि "कसं वाटतंय?" विचारलं की सगळे "वाईट वाटतंय" एवढंच म्हणतात, त्यापेक्षा "सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम काय असायचं?" असं विचारा. मालक सगळ्यांनाच भेटतो हो, पण ग्रीस लावणारा, पॉपकॉर्नवाला, रात्री झाडलोट करणाऱ्या मावशी, हे पार्क बंद झाल्यावर दुसरं काम शोधायला पांगतात, त्यांचे फोन नंबर आजच घेऊन ठेवा.