जुन्या हलक्या विमानांच्या पंखांतील तडे : तपासणीतील या चुका टाळा

4 एप्रिल 2018 रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पायपर अ‍ॅरो विमानाचा डावा पंख उड्डाणादरम्यान निखळला आणि आतील दोघेही दगावले. विमान 2007 मध्ये बांधलेले होते, परंतु त्याचे 7,690 तास उड्डाण झाले होते. तडा होता मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब तुळईच्या) खालच्या कॅपमधील (तुळईच्या खालच्या कडेच्या पट्टीतील) बोल्टच्या छिद्रात, म्हणजे नेहमीच्या तपासणीत नजर पोहोचतच नाही अशा ठिकाणी.

यावरून पहिली चूक लक्षात येते, ती म्हणजे विमानाचे जुनेपण केवळ वर्षांवर किंवा एकूण तासांवर मोजणे. उड्डाणात स्पारच्या खालच्या कॅपवर ओढ पडते. वारंवार उतरणे-चढणे आणि कमी उंचीवरील झोडपणारी हवा यांमुळे ही ओढ पुनःपुन्हा बसून धातू थकतो. म्हणूनच काही पायपर प्रकारांसाठी अमेरिकी नियामकाने 2021 पासून लागू केलेल्या निर्देशात वेगळा हिशेब आहे: शंभर तासांच्या (दर शंभर तासांनी, मुख्यतः प्रशिक्षण किंवा भाड्याच्या वापरातील विमानांना लागणाऱ्या) जितक्या तपासण्या झाल्या त्यांना शंभराने गुणायचे आणि उरलेल्या तासांना 17 ने भागून त्यात मिळवायचे, बेरीज 5,000 झाली की तपासणी आली. एकूण 9,000 तासांच्या विमानाच्या अशा 40 तपासण्या झाल्या असतील तर आकडा सुमारे 4,294 येतो, 60 झाल्या असतील तर सुमारे 6,176. लॉगबुक अपुरे असेल किंवा वापरलेला स्पार बसवला असेल, तर हा आकडा न पाहताच तपासणी बंधनकारक आहे. कागद पाहण्यात घाई करणारा तंत्रज्ञ नेमका येथेच फसतो.

दुसरी चूक आच्छादनावर विश्वास ठेवण्याची. 26 मे 2019 रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षणावरील सेसना 210 चा पंख तुटला. तेथे तड्याची सुरुवात केबिनमधून आरपार जाणाऱ्या स्पारवरील गंजाच्या खळग्यातून झाली होती. स्पारला चिकटलेला फोम ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे तो काढून, पृष्ठभाग उघडा करून, भिंग आणि तिरप्या प्रकाशात पाहिले नाही तर आत काय चालले आहे ते कळणारच नाही.

खुणांचा अर्थ लावताना ढिलाई होते ती तिसरी. रिव्हेटभोवतीची काळी धूळ पुसून टाकली जाते, रंगातील बारीक रेघेवर रंग चढवला जातो, आणि पंखातून गळणाऱ्या इंधनावर सीलंट फासून काम संपवले जाते. मायामीजवळ 19 डिसेंबर 2005 रोजी पंख तुटून 20 जण दगावले, ते ग्रुमन मॅलार्ड विमान हलके नव्हते; पण त्याच्या पंखातून इंधन गळण्याच्या घटनाही आधी घडलेल्या होत्या. गळती ही तक्रार नसून लक्षण असते, असे समजून गळतीच्या आसपासचा सांगाडा उघडावा.

डाय पेनिट्रंटचा (तड्यात शिरून तो उठून दाखवणाऱ्या रंगीत द्रवाचा) वापर करताना रंग यांत्रिक घासणीने काढला, तर मऊ अ‍ॅल्युमिनियम तड्याच्या तोंडावर पसरते आणि द्रव आत शिरतच नाही. त्यामुळे रसायनाने रंग काढून पृष्ठभाग नीट स्वच्छ करणे आणि द्रवाला पुरेसा वेळ देणे आवश्यक आहे. तरीही बोल्टच्या छिद्रासाठी ही पद्धत अपुरी पडते. तेथे एडी करंट तपासणीच (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून त्यातील बदलावरून तडा ओळखण्याची पद्धत) लागते, आणि त्यासाठी प्रोब (छिद्रात घालायचे तपासणीचे टोक) त्याच मिश्रधातूच्या, ज्ञात खाच असलेल्या नमुन्यावर जुळवून घेतलेला हवा, शिवाय काम करणारा त्या पद्धतीत पात्र असायला हवा.

शेवटचा धोका तपासणीच निर्माण करते. पंखाला आधार न देता बोल्ट ठोकून बाहेर काढले, तर छिद्राला ओरखडे पडतात. ते एडी करंटच्या संकेतात तड्यासारखे दिसू शकतात, आणि तसेच राहिले तर नव्या तड्याचे बीज ठरतात. म्हणून भार उतरवूनच बोल्ट काढावेत, छिद्राचा व्यास मोजून ठेवावा आणि पुन्हा बसवताना त्या विमानाच्या पुस्तिकेतील टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरावीक जोर) वापरावा. तडा सापडल्यावर त्याच्या टोकाला छिद्र पाडून तो थोपवण्याचा उपाय मंजूर दुरुस्ती आराखड्याशिवाय मुख्य स्पारवर करता येत नाही.