डबलच्या दोघींनी बोसबानला निघण्यापूर्वी

रोइंगमधली डबल स्कल म्हणजे दोघी, चार वल्ही, दोन हजार मीटर आणि कॉक्स (बोटीत बसून सूचना देणारा) नाही. बोटीत तिसरं बोलणारं कुणी नसतं, म्हणून जे काही ठरवायचं ते काठावर असतानाच ठरवून घ्या. माझी सगळी यादी याच एका गोष्टीभोवती फिरते. डोळ्यांसमोर ॲम्स्टरडॅमचं बोसबान ठेवलंय. १९३०च्या दशकात माणसांनी खणून काढलेला हा सरळ कालवा, २०१४ची जागतिक स्पर्धा इथेच झाली.

पहिली वस्तू दहा नंबरचा पाना. एक नाही, दोन. एक बॅगेत, एक बोटीजवळ. परदेशातल्या स्पर्धेत आपली बोट बहुधा भाड्याची असते आणि तिची-तुमची पहिली भेट तिथेच होते. त्यामुळे घरच्या बोटीची मापं निघण्याच्या आठवडाभर आधी वहीत उतरवा: रिगरचा (वल्ही पेलणारी बाहेरची चौकट) स्पॅन म्हणजे दोन्ही गेटमधलं अंतर, सीटपासून गेटची (वल्हं अडकवायची खाच) उंची, स्ट्रेचर (पाय टेकवायची पाटी) कितव्या भोकात आहे, वल्ह्याची पूर्ण लांबी आणि आतलं माप, म्हणजे कॉलरपासून (वल्ह्यावरचं कडं) मुठीपर्यंतचं. आमच्या मुलींचा स्पॅन १६०च्या आसपास, वल्हं २८७ आणि आतलं माप ८८ सेंटीमीटर असतं. तुमचे आकडे वेगळे असतील. ते तुमचे म्हणून तुम्हाला पाठ हवेत. डावा हात वरून नेत असाल तर डाव्या हाताचं गेट सेंटीमीटरभर उंच, हेही लिहा, कारण भाड्याच्या बोटीत ते हमखास उलटं किंवा सपाट सापडतं. मेजरिंग टेप, चार-पाच वॉशर, इन्सुलेशन टेप, टाचांच्या दोऱ्या (बोटीतल्या बुटांच्या टाचा बांधणाऱ्या) हे सगळं एका डब्यात. पाण्यात उतरण्याआधी टाचांच्या दोऱ्या आणि बोटीच्या टोकाचा पांढरा रबरी गोळा तपासला जातो. दोरी तुटलेली निघाली तर धक्क्यावर शोधाशोध करायला कुणाला वेळ नसतो. डबलचं किमान वजन २७ किलो, काट्यावर एकदा आपणहून ठेवून बघा.

गेटचा स्क्रू मात्र स्वतःचा तपासू नका, जोडीदारणीचा तपासा. माझ्या एका शर्यतीत पाचव्या स्ट्रोकला माझं गेट उघडलं, वल्हं निसटलं आणि आम्ही दोघी पाण्यात. मी तो स्क्रू बसवला होता, हाताने चाचपून पाहिलाही होता. आपल्या हाताने केलेल्या कामाकडे डोळा नीट बघत नाही. तेव्हापासून माझ्या मुली एकमेकींच्या गेटना हात लावूनच धक्का सोडतात.

नखं कापा. स्कलिंगमध्ये हात एकमेकांवरून जातात तेव्हा वरच्या हाताचं नख खालच्या हाताच्या पाठीवर घासतं. वारा आडवा असला की दोन हजार मीटरमध्ये तिथे रक्त येतं. शर्यतीच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको, खोल कापलं गेलं तर मुठीत ठणकतं. पाण्याने भरलेला फोड फोडायचा नाही.

आता जेवण, आणि इथे मला जरा जोर देऊन बोलायचंय. लाइटवेट या हलक्या वजनगटात दोघींची सरासरी ५७ किलो आणि एकीचं वजन ५९च्या वर चालत नसे. त्या हिशेबात वाढलेल्या कितीतरी मुली अजून अर्धं ताट बाजूला सारतात. पॅरिस २०२४ नंतर लाइटवेट डबल ऑलिंपिकमधून गेली. ओपन डबलला वजनाची मर्यादा नाही, तेव्हा पोटभर जेवा. भात मागून घ्या. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून आईने दिलेले तुपातले लाडू घरीच ठेवा आणि बिनतुपाचे गूळ-शेंगदाण्याचे न्या. पाळीच्या तारखा एकमेकींना सांगा. पाळी पुढे ढकलायची गोळी तिथे जाऊन पहिल्यांदा घेऊ नका. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे, आणि कुणी प्रेमाने दिलेल्या चूर्णात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही तोंडात नाही.

घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे जातं. दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं.

पाण्यावरचं बोलणं. बोवाली, म्हणजे पाठीमागे बसणारी, बोलेल; स्ट्रोकवाली, म्हणजे तिच्यापुढे बसणारी, लय धरेल. स्ट्रोकवालीला जोडीदारीण दिसत नाही, फक्त ऐकू येते. म्हणून शब्द एका-दोन अक्षरांचे आणि मराठीच घ्या: "पाय", "लांब", "आता". पुण्यात दापोडीच्या सीएमईतल्या (लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय) चॅनलवर सराव करताना हेच शब्द वापरा, तिथे जाऊन नवे काढू नका. स्टार्टला "अटेन्शन", मग लाल दिवा, मग थोडी थांबणूक आणि हिरवा. ती थांबणूक दर वेळी वेगळी असते, अंदाज बांधायचा नाही. दोन मिनिटं आधी बोट स्टार्टला लागलेली हवी, पण आडव्या वाऱ्यात टोक सरळ ठेवायला हाताने एक-दोन झटके कोण मारणार तेही आधीच ठरवा. आमच्याकडे ते बोवालीचं काम.

वेळेचा आकडा डोक्यात घेऊन जाऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या सॅली किहो आणि ऑलिंपिया ऑल्डर्सी यांनी २०१४ला याच पाण्यावर ६:३७.३१ची जागतिक सर्वोत्तम वेळ नोंदवली, आणि तरीही सुवर्णपदक दुसऱ्या जोडीला गेलं. वारा पाठीशी असला की सगळ्यांच्याच पाठीशी असतो. शेवटच्या २५० मीटरला बोयांचा (लेन दाखवणारे तरंगते गोळे) रंग बदलतो. तिथून पुढचे स्ट्रोक मोजून ठेवा आणि रेषेपलीकडचे दोन त्यातच धरा. बीजिंगला २००८ मध्ये न्यूझीलंडच्या एव्हर्स-स्विंडेल जुळ्या बहिणी जर्मनीच्या पुढे राहिल्या त्या एक शतांश सेकंदाने, ७:०७.३२ विरुद्ध ७:०७.३३.

आणि चपला. निघताना एका धक्क्यावरून निघाल, येताना कदाचित दुसऱ्यावर लागाल. धक्का सोडण्याआधी चपला कोचच्या हातात द्या, तेवढं त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.