लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत नसेल तर काय तपासावे

लॅपटॉपच्या ब्राइटनेसची तक्रार ऐकताना नेहमी सारखीच वाटते, पण तिच्यामागची कारणे एकमेकांपासून फार वेगळी असतात. कोणाच्या लॅपटॉपवर ब्राइटनेसचा स्लायडरच दिसत नाही. कोणाचा स्लायडर सरकतो, आकडाही वाढतो, पण स्क्रीन जशीच्या तशी राहते. कोणाची स्क्रीन आपोआप मंद होते आणि आपोआप उजळते, तर कोणाची इतकी अंधारते की काही वाचताच येत नाही. यांपैकी आपली तक्रार नेमकी कोणती हे आधी ठरवावे, कारण त्यावरूनच पुढचा मार्ग ठरतो आणि नाहक ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला लॅपटॉपचा एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) काढण्याची किंवा दुकानात जाण्याची वेळ टळते. पुढील माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. आवृत्तीनुसार मेनूमधल्या शब्दांत थोडा फरक आढळेल.

सुरुवात रीस्टार्टपासून करावी, आणि ती शटडाउनने नव्हे तर रीस्टार्ट हाच पर्याय निवडून करावी. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन करताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुन्हा सुरू करताना तीच परत उचलली जाते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर रात्रभर लॅपटॉप बंद ठेवूनही सकाळी अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. रीस्टार्ट करण्याइतका वेळ नसेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबाव्यात. स्क्रीन क्षणभर काळी होते, बहुधा बीप ऐकू येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडलेल्या फाइलींना यामुळे धक्का लागत नाही.

त्यानंतर कीबोर्ड आणि स्लायडर वेगवेगळे तपासावेत. विंडोज आणि ए या की दाबल्यावर जो फलक उघडतो, त्यात सूर्याच्या चिन्हाचा स्लायडर असतो. तो सरकवल्यावर उजेड बदलत असेल आणि फक्त कीबोर्डवरच्या सूर्याच्या कीने बदलत नसेल, तर दोष स्क्रीनचा नाही. अनेक लॅपटॉपवर ती की कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या एफएन (Fn) या कीसोबत दाबावी लागते. एफएन लॉक चुकून बदलले गेले की कालपर्यंत चालणारी की आज चालेनाशी होते. एफएन आणि एस्केप एकत्र दाबून हे लॉक बऱ्याच मॉडेलवर बदलता येते. तरीही उपयोग झाला नाही, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा हॉटकीचा, म्हणजे अशा खास कींचा, ड्रायव्हर घ्यावा.

स्लायडरच नाहीसा झाला असेल, तर स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि डिस्प्ले अॅडॅप्टर्स ही ओळ उलगडावी. तेथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्याऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर असे नाव दिसले, तर कारण सापडले म्हणून समजावे. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर आहे. तो चित्र दाखवतो, पण उजेडावर त्याचे नियंत्रण नसते. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास पाहायला मिळते. त्याच जागी मॉनिटर्स ही ओळही उघडून पाहावी. जेनेरिक पीएनपी मॉनिटरच्या चिन्हावर खाली वळलेला बाण असेल, तर ते उपकरण बंद केलेले आहे. उजवे क्लिक करून एनेबल डिव्हाइस निवडावे.

ड्रायव्हर बदलताना घाई करू नये. आधी स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन शोधून सिस्टम मॉडेल या ओळीतले नाव टिपून घ्यावे, लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि मगच जुन्याला हात लावावा. कोणत्याही यंत्राचा ड्रायव्हर देतो असे सांगणारी त्रयस्थ सॉफ्टवेअरे मी कटाक्षाने टाळतो आणि आपणही टाळावीत, कारण मूळ अडचणीपेक्षा त्यांनी आणलेली अडचण निस्तरणे कठीण असते. तक्रार एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर नव्या ड्रायव्हरच्या मागे न लागता डिस्प्ले अॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर या टॅबवर जाऊन रोल बॅक ड्रायव्हर हे बटण दाबून पाहावे. ते फिकट दिसत असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही, असा त्याचा अर्थ होतो. ड्रायव्हर काढल्यावर अक्षरे एकदम मोठी आणि ओबडधोबड दिसू लागतात. त्याने घाबरून जाऊ नये, नवा ड्रायव्हर बसला की ती पूर्ववत होतात.

स्लायडर सरकतो पण परिणाम दिसत नाही, या तक्रारीत एचडीआर (चित्रातले उजळ आणि गडद भाग अधिक ठळक दाखवणारी सोय) हेही एक कारण असू शकते. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि मग डिस्प्ले येथे एचडीआर चालू असल्यास ते बंद करून पाहावे. चालू असताना उजेडाचे गणित वेगळ्या पद्धतीने मांडले जाते आणि नेहमीचा मजकूर मळकट दिसू शकतो.

आता आपोआप होणाऱ्या बदलांकडे येऊ. येथे थोडे थांबून बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण चांगली स्क्रीन निकामी ठरवली जाते ती बहुतेक याच टप्प्यावर. माझ्या वहिनी त्यांच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. पावत्यांचा पांढरा तक्ता उघडला की त्यांची स्क्रीन लख्ख दिसे; पण संस्थेच्या कार्यक्रमातला रात्रीचा काळपट फोटो मोठा करून उघडला की दोन श्वासांत सगळी स्क्रीन मंदावे आणि फोटोच्या कडेची पांढरी पट्टीसुद्धा राखाडी दिसू लागे. दुरुस्तीवाल्याने पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा मुख्य भागच, जायला आल्याचे सांगून नवीन बसवण्याचा खर्चही काढून दिला होता. प्रत्यक्षात बिघाड काहीच नव्हता. स्क्रीनवर काय दिसते आहे ते पाहून बॅटरी वाचवण्यासाठी उजेड कमी-जास्त करणारी सोय चालू होती, आणि ती बंद करताच तो प्रकार थांबला.

ही सोय सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले या मार्गाने गेल्यावर ब्राइटनेसच्या शेजारचा बाण उघडला की दिसते. चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट अशा शब्दांची ती ओळ असते आणि तेथे ऑफ निवडायचे असते. तेथेच, लॅपटॉपला खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर असेल तर, सभोवतालच्या प्रकाशानुसार ब्राइटनेस बदलण्याची आणखी एक ओळ दिसते. खिडकीशी बसणाऱ्यांना ढग आले-गेले की स्क्रीन बदलताना दिसते ती हिच्यामुळे. या दोन्ही ओळी बंद करूनही बदल चालूच राहिले, तर ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहावे लागते. इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॅरी-ब्राइट या नावांनी अशीच सोय असते, आणि विंडोजमधली ओळ बंद केली तरी ती आपले काम करत राहू शकते.

वीज गेली की स्क्रीन मंद होते, ही तक्रार वेगळी आहे. चार्जर सुटल्यावर उजेड थोडा उतरणे हे पुष्कळ लॅपटॉपवर ठरवूनच दिलेले असते. त्यातच बॅटरी एका मर्यादेखाली गेली की बॅटरी सेव्हर सुरू होतो आणि उजेड साधारण ३० टक्क्यांनी आणखी उतरवतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत याच सोयीला एनर्जी सेव्हर म्हणतात. सेटिंग्जमधील पॉवर अँड बॅटरी या भागात उजेड कमी करण्याचा पर्याय तेवढा बंद करता येतो आणि बाकीची बचत चालू ठेवता येते. भारनियमनाच्या गावात मात्र तो चालू ठेवलेलाच बरा, कारण पूर्ण उजेडाची स्क्रीन बॅटरी भराभर खाते.

स्क्रीन लुकलुकत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्याच्यासकट सगळे लुकलुकले तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर घ्यावा. टास्क मॅनेजर स्थिर राहून बाकीचे लुकलुकले तर दोष बहुधा एखाद्या अॅपचा असतो.

स्क्रीन जवळपास काळी असेल, तर दुकानात नेण्यापूर्वी एक परीक्षा घरीच करावी. खोलीत अंधार करावा, लॅपटॉप सुरू करून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरून हळूहळू फिरवावा. चिन्हांच्या किंवा अक्षरांच्या फिकट आकृती दिसल्या, तर चित्र तयार होत आहे आणि फक्त मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, पेटत नाही. ओएलईडी स्क्रीनला ही परीक्षा लागू नाही, कारण तिला मागचा दिवा नसतोच. यानंतर झाकण हळूहळू पुढेमागे करून पाहावे. एखाद्या ठरावीक कोनात उजेड येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा झिजलेली असण्याची शक्यता मोठी, आणि ती बदलणे पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शेवटी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. तेथे चित्र नीट दिसले तर ग्राफिक्स चिप शाबूत आहे. टॉर्च, कोन आणि टीव्ही या तिन्हींचे निष्कर्ष कागदावर लिहून दुरुस्तीवाल्याला द्यावेत आणि पॅनेल बदलण्याआधी केबल तपासून दाखवण्यास स्पष्ट सांगावे.