जुन्या बँडसॉसाठी बाभळीचे गाईड गुटके

कुपवाड एमआयडीसीत माझं पॅटर्नचं काम आहे, फौंड्रीला लागणारे लाकडी साचे आम्ही बनवतो. आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत) येतो तो बहुतेक वापरलेला, आणि त्यात गाईडचे गुटके, म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे ठोकळे, एकतर नसतात नाहीतर झिजून गेलेले असतात. माझ्या मशीनला आधीच्या मालकाने लोखंडी चौरस बारचे तुकडे बसवले होते. मशीन चालत होतं, पण पात्याचे दात लोखंडाला घासले की त्यांची फाक, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंना दिलेला बाक, जाते. मग काप अरुंद पडतो, पातं लाकडात आवळतं, जळकट वास येतो.

अशा ठिकाणी लाकूड घालणं म्हणजे तात्पुरता जुगाड नव्हे. गुटका झिजावा आणि पातं वाचावं, हेच तिथं हवं असतं. एकेकाळी जहाजांच्या पंख्याच्या शाफ्टला लिग्नम व्हिटी नावाच्या लाकडाचे बेअरिंग असायचे. ते लाकूड आपल्याकडे सहज मिळत नाही, पण बाभूळ मिळते, आणि ती या कामाला पुरेशी कठीण आहे.

सगळ्यात चांगला माल म्हणजे जुन्या बैलगाडीच्या चाकाचा बाभळीचा आरा. मिरज, तासगाव भागात जुन्या गाड्या मोडून पडलेल्या दिसतात. आरा वर्षानुवर्षं वाळलेला असतो आणि त्याच्या रेषा लांबीला सरळ धावतात. सालीलगतचा पांढुरका भाग टाकून द्या, आतला विटकरी-तपकिरी गाभा घ्या. खिळा किंवा बारीक चीर आहे का, ते आधी बघा. वखारीतली ओली बाभूळ मात्र आणू नका. ती आकसेल, तडकेल आणि गुटके होल्डरमध्ये, म्हणजे मशीनवर ते धरणाऱ्या खाचेत, खुळखुळतील.

माप झिजलेल्या गुटक्यावरून घेऊ नका, होल्डरच्या खाचेवरून घ्या. रॉकेलने गंज, भुसा काढा, व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी माप धरा. माझी खाच १२ मिमी चौरस होती, म्हणून गुटका ११.८ मिमीचा केला. हे ०.२ मिमी सोडायचं कारण आपला पावसाळा. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, पण आडवं फुगतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एवढ्याशा गुटक्यालाही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फूग सहज येते, आणि घट्ट बसवलेला गुटका मग हलवता येत नाही.

एकेक गुटका सुटा कापत बसू नका, बोटं पात्याजवळ जातात. आधी फूटभर लांब पट्टी काढा, रंध्याने चारही बाजू गुण्यात आणा, मगच हातकरवतीने तुकडे पाडा. बाभूळ रंध्याची धार लवकर खाते, मध्येच पुन्हा धार लावावी लागेल. तुकडे असे पाडा की ओंडक्याच्या टोकाला वर्तुळं दिसतात ते तोंड पात्याला लागेल. आडव्या बाजूपेक्षा हे तोंड फार सावकाश झिजतं. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तोंड घासा आणि गुण्या लावून बघा. काही मशीनला हे तोंड तिरकं लागतं, तिथं होल्डरचा कोन पाहून कापा.

आता मेण. डब्यात मधमाश्यांचं मेण घ्या, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. थेट आचेवर कधीच नाही, मेण पेट घेतं. गुटके बुडवले की टोकांतून बुडबुडे निघतात, ते थांबेपर्यंत राहू द्या. काही जण मशीन ऑइलमध्ये भिजवतात. तेही चालतं, पण कापलेल्या लाकडावर तेलाचे डाग येतात, आणि पॅटर्नला रंग लावायचा असतो, म्हणून मला मेणच बरं वाटतं.

बसवताना आधी मशीनची विजेची पिन काढा. पात्याला ताण द्या, ते चाकावर नीट धावतंय ना बघा, तोवर गुटके मागेच ठेवा. मग पात्यामागचं बेअरिंग कागदाच्या जाडीएवढं लांब ठेवून आवळा. गुटक्यांची पुढची कड दातांच्या खाचेच्या किंचित मागे हवी, आणि पातं मागच्या बेअरिंगला टेकलं तरी ती मागेच राहायला हवी. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कागद घालून गुटके टेकवा, स्क्रू आवळा, कागद ओढून काढा. वरचं चाक हाताने फिरवा. एकाच जागी टक् आवाज आला तर पात्याचा सांधा जाड आहे. तो कानशीने सपाट करा, गुटका सैल करून भागवू नका.

अगदी अरुंद, ३ मिमीच्या पात्याला गुटके दातांपर्यंत पुढे आणले तरी चालतात, लाकडाने दातांची फाक जात नाही. लोखंडी गुटक्यांनी हे जमत नाही.

टेबलाखालचे दोन गुटकेही बदला. तिथं वाकून बघावं लागतं, म्हणून ते राहून जातात, आणि वरचं सगळं नीट असूनही काप तिरका जातो. गुटका काळा पडला तर तो फार दाबलाय किंवा पातं बोथट आहे. खोबण पडली की तोंडाचा मिलिमीटरभर कापून टाका, पेपरवर घासा, पुन्हा मेणात बुडवा आणि पुढे सरकवून आवळा. उरलेल्या पट्टीवर खाचेचं माप पेन्सिलने लिहून ठेवा.