आरमध्ये टेबलात ओळ जोडताय? या चुका टाळा

नवतपा लागला होता. कूलरच्या टाकीत पाणी भरून मी नुकताच टेकलो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, कमाल तापमानाची सरासरी एनए येऊन राहिली."

"काल तर बरोबर येत होती ना?"

"हो. मग रात्री एक ओळ जोडली मी."

ती आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा वापरते, आणि तिथे एनए म्हणजे 'किंमत उपलब्ध नाही'. तिच्या टेबलात तीन रकाने होते: जागा, कमाल, किमान. नवी ओळ जोडताना तिने सोनेगाव, 45.2 आणि 29.1 हे 'सी' फंक्शनमध्ये एकत्र बांधून, ओळी जोडणाऱ्या 'आरबाइंड' फंक्शनला दिले होते. आर शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक एकदा तरी होतेच. 'सी'ने बांधलेल्या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या असाव्या लागतात. त्यात एक जरी शब्द असला, तरी आकड्यांचेही शब्द होतात. असा शब्द झालेला 45.2 कमालच्या रकान्यात गेला, की वरचे सगळे जुने आकडेही मजकूर होतात. टेबल छापून पाहिलं तर काहीच कळत नाही, कारण तिथे अवतरणचिन्हं दिसत नाहीत. सरासरी एनए आली म्हणून निदान तिला शंका तरी आली. किमानच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा विचारला असता, तर आरने डिसेंबरातले 9.8 काढून दिले असते. मजकूर म्हणून लावल्यावर 9 हे 2 च्या नंतर येतात, म्हणून 9.8 हे 29.1 पेक्षा मोठे!

तारखेचे हाल याहून वाईट. जागेचं नाव आधी आणि तारीख नंतर असं 'सी'मध्ये घातलं, तर 25 मे 2024 चं "19868" होतं. आर 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस मोजतं, ती ही मोजणी.

यावर उपाय एकच, आणि माझ्या मते तो सवयीचाच करून टाकावा: नव्या ओळीचा आधी एका ओळीचा डेटा फ्रेम (म्हणजे आरमधलं टेबल) बनवा, रकान्यांची नावं तीच ठेवा, आणि मगच 'आरबाइंड' करा. घाई असेल तर 'सी'च्या जागी 'लिस्ट' चालते, तिच्यात प्रत्येक किमतीची जात शाबूत राहते. पण डेटा फ्रेमचा आणखी एक फायदा आहे. दोन डेटा फ्रेम जोडताना आर नावं जुळवून रकाने लावतं, त्यामुळे किमान आधी आणि कमाल नंतर लिहिलं तरी बिघडत नाही. मॅट्रिक्स, म्हणजे सगळ्या किमती एकाच जातीच्या असलेला तक्ता, असेल तर मात्र नावं बघितलीच जात नाहीत, जो आकडा ज्या क्रमांकावर असेल तिथेच बसतो.

"नेम्स डू नॉट मॅच प्रीव्हियस नेम्स" (रकान्यांची नावं आधीच्या नावांशी जुळत नाहीत) अशी लाल ओळ आली तर घाबरू नका, ती तुमच्या भल्याचीच आहे. ती नको म्हणून बरेच जण डिप्लायर या आरच्या पॅकेजातल्या 'बाइंड रोज'कडे वळतात. फंक्शन चांगलं आहे, पण फार सोशिक. रकान्याच्या नावाशेवटी चुकून एक स्पेस राहिली, तरी ते तक्रार न करता वेगळा रकाना उघडतं आणि उरलेल्या जागी एनए भरतं. जोडण्याआधीचे आणि नंतरचे रकाने मोजले की हे लगेच सापडतं.

थेट शेवटच्या जागी ओळ लिहिणारेही असतात. 'एनरो'ने ओळींची संख्या घ्यायची, त्यात एक मिळवायचा आणि तिथे आकडे टाकायचे. तो एक मिळवायला विसरलात, तर आधीची शेवटची ओळ पुसली जाते आणि आर चकार शब्द काढत नाही. याच पद्धतीत आणखी एक खड्डा आहे. समजा, टेबलात कमाल, किमान, सकाळची आर्द्रता आणि संध्याकाळची आर्द्रता असे चार आकड्यांचे रकाने आहेत. तुम्ही 45 आणि 29 एवढेच दोन दिलेत. आर तेच दोन आकडे पुन्हा वापरून ओळ पूर्ण करतं. आर्द्रता 45 आणि 29 टक्के! खरीच वाटते. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तेव्हा गावभर बोंब झाली आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान विभागाला सांगावं लागलं. या 45-29 साठी कोण बोंबलणार?

जुन्या फाइलींमध्ये फॅक्टरचं, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीला बांधलेल्या रकान्याचं, दुखणं निघतं. एप्रिल 2020 मध्ये आवृत्ती 4.0.0 येईपर्यंत आर मजकुराचे रकाने आपणहून फॅक्टर करायचं. अशा रकान्यात सोनेगाव आणि रामदासपेठ एवढीच नावं असतील आणि थेट कामठी लिहायला गेलात, तर "इनव्हॅलिड फॅक्टर लेव्हल" असा इशारा येतो आणि कामठीच्या जागी एनए बसतो. रकाना आधी साधा मजकूर करून घ्या.

लूपमध्ये एकेक ओळ 'आरबाइंड' करू नका. दर फेरीत आख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं. अशा दहा हजार ओळी जोडायच्या म्हणजे आरला एकूण सुमारे पाच कोटी ओळी उतरवून काढाव्या लागतात. तुकडे एका लिस्टमध्ये साठवा आणि शेवटी 'डू डॉट कॉल'ने एकदाच 'आरबाइंड' करा. डेटा टेबल पॅकेज वापरत असाल तर 'आरबाइंडलिस्ट' आहेच.

आणि हो, 'आरबाइंड' मूळ टेबलाला हात लावत नाही. निकाल पुन्हा त्याच नावात ठेवला नाही, तर नवी ओळ पडद्यावर दिसते आणि टेबलात नसते. भाचीचा दुसरा फोन याचसाठी होता.

तिसरा फोन रात्री. "मामा, माझ्याकडे 30 ओळी आहेत, मग ही 71 नंबरची कुठून आली?" गाळून काढलेली 7 नंबरची ओळ तिने पुन्हा त्याच टेबलाला जोडली होती. ओळींची नावं सारखी चालत नाहीत, म्हणून आरने 7 पुढे 1 चिकटवला. ओळींची नावं नल (म्हणजे रिकामी) केली की क्रमांक पुन्हा एकपासून लागतात. पण मी तिला आधी विचारलं, "सातवी ओळ दोनदा कशाला पाहिजे तुला?"

"अगं बाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.