घोडीला म्हशीचा हिशेब लावू नका

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून गाभण घोडी घेऊन आलेल्या मुरबाड, शहापूर, बदलापूरकडच्या मंडळींच्या घोड्यांचे दिवस आता भरत आलेत. आपल्याकडे दूधदुभतं पिढ्यान्‌पिढ्यांचं, घोडी मात्र नवी. त्यामुळे म्हशीचे आडाखे तिलाही लावले जातात आणि नुकसान तिथंच होतं.

घोडी साधारण ३४० दिवस गाभण राहते, पण ३२० ला किंवा ३६० ओलांडूनही सुखरूप विते. म्हणून तारखेपेक्षा कास बघा. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब साकळले की बहुधा एक-दोन दिवसांत विणार, तेही रात्रीच. धनुर्वाताची लस विण्याआधी महिनाभर टोचलेली असावी. खाली भाताचा कोरडा, बुरशी न धरलेला पेंढा अंथरा. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या नाकपुड्यांना आणि बेंबीला चिकटतो.

पाणमोट फुटली की अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. म्हैस वेळ घेते, घोडी घेत नाही. आधी दोन पुढचे पाय, एक किंचित पुढे, त्यावर नाक, आणि सगळ्यावर पांढरट पडदा. पांढऱ्याऐवजी मखमलीसारखी लाल पिशवी दिसली तर डॉक्टरची वाट बघत बसू नका, ती लगेच फाडा. वार (शिंगराला गर्भात पोसणारी पिशवी) आतून सुटलेली असते आणि शिंगरू गुदमरत असतं.

पुढचा हिशेब सोपा. तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत चीक पोटात, तीन तासांत वार बाहेर. गाईची वार बारा तास थांबते म्हणून इथं थांबायचं नाही. माझ्या पहिल्या घोडीच्या वेळी शेजारचे आजोबा म्हणाले, "सकाळपर्यंत पडंल, म्हशीची पडते तशी." मी निवांत झोपलो, वार आतच अडकली. तिसऱ्या दिवशी घोडी पुढचे पाय लांब टाकून मागं रेललेली, खुरांना हात लावला तर गरम, अडकलेल्या वारेचं विष खुरांत उतरलेलं. दूध आटलं, शिंगरू बाटलीवर आलं. तेव्हा लोंबती वार ओढू नका, तिला दगड बांधू नका. पायात येऊ नये म्हणून गाठ मारून वर घ्या आणि डॉक्टरला बोलवा. १९६२ वर फोन केला तर जनावरांच्या डॉक्टरांचं सरकारी फिरतं पथक मिळतं.

नाळ कापायची नाही, ती आपोआप तुटते. बेंबी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवा. राख, हळद, शेण काही लावू नका. चीक पहिल्या सहा तासांत जितका जाईल तितका चांगला. दिवस उलटला की त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत.

नव्या मालकाला हमखास घाबरवतात ते खूर. जन्मतः खुरांच्या तळाला मऊ, बोटांसारख्या पिवळट झालरी असतात, आईच्या गर्भाशयाला इजा होऊ नये म्हणून. चालता चालता त्या झडतात. शिंगरू पुढे आईची लीद खातं, तेही ठीक. पण पहिली काळी, चिकट लीद चोवीस तासांत पडली पाहिजे. शेपूट उचलून कुंथत असेल तर डॉक्टर हवा.

आठव्या-नवव्या दिवशी घोडी माजावर येते, त्याच सुमारास शिंगराला पातळ होतं. खेळत, पीत असेल तर चिंता नको. आईची कास तटतटलेली, दूध गळतंय, म्हणजे पिल्लू पीत नाही. ही आजाराची खूण ताप मोजण्याआधी कळते.

वैशाखातल्या वरातींचा विसार घेतला असेल तर आत्ताच परत करा. घोडबंदर रोडवर डीजेपुढे घोडी तीन तास उभी राहील, आणि इकडे तासाला पाच-सात वेळा पिणारं शिंगरू दाव्याला भुकेलं ओरडत राहील.