बंद जागेची भीती घालवताना या चुका टाळा

मावशीची सगळी हयात लालबागच्या चाळीत गेली. दार दिवसभर सताड उघडं, समोर गॅलरी. चाळीचा टॉवर झाला आणि तिला १९व्या मजल्यावर घर मिळालं. पहिल्याच आठवड्यात लाइट गेली, ती लिफ्टमध्ये अडकली. फार तर चार-पाच मिनिटं. त्यानंतर आठ महिने ती खाली उतरली नाही. भाजी वर, दूध वर, गणपतीतले ढोल खिडकीतून. तिला बाहेर काढताना आम्ही ज्या चुका केल्या, त्याच आता इतर घरांत होताना बघते, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक आमच्या सगळ्यांच्या तोंडी होती: "अगं, काही होत नाही." काही होत नाही हे तिलाही कळत होतं. तरी दार बंद झालं की छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या. यात खोटं काही नसतं. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच चक्कर, मुंग्या येतात. हवा पुरत नाही असं वाटतं तेव्हा खरं तर आपण गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. लिफ्टचा डबाही हवाबंद नसतो. हे सगळं घरी चहा पिताना शांतपणे सांगावं. लिफ्टच्या दारात उभं राहून सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. आणि आधी विचारावं, नक्की कशाची भीती वाटते? कुणाला गुदमरण्याची वाटते, कुणाला अडकून पडण्याची. मावशी म्हणाली, "श्वासाचं नाही गं, दार माझ्या हातात नाही."

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भीती वाटताक्षणी बाहेर पळणं. पळालं की लगेच मोकळं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बाहेर पडलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. जिवाच्या घाबरण्याची लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचते आणि मग उतरायला लागते. पण ती उतरताना मावशीने कधी पाहिलीच नव्हती, कारण त्याआधीच ती बाहेर असायची.

याच्या उलट चूक मामेभावाने केली. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे," म्हणत तिला हाताला धरून थेट १९ मजले नेलं. त्यानंतर दोन महिने ती लिफ्टकडे बघेना. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची पद्धत मांडली. आजच्या उपचारातही पायरीपायरीनेच जातात. आमच्या पायऱ्या वहीत लिहिलेल्या होत्या: दार उघडं ठेवून आत उभं राहायचं, मग दार बंद पण लिफ्ट जागेवर, मग एक मजला माझ्याबरोबर, मग एकटीने. दुपारी तीनला, गर्दी नसताना, वॉचमनकाकांना सांगून. दर मिनिटाला भीतीला दहापैकी आकडा द्यायचा. पहिल्या दिवशीचे आकडे अजून वहीत आहेत: ८, ८, ९, ७, ६, ४. चार आल्यावरच बाहेर.

तरीही तीन आठवड्यांनी गाडी अडली. मग माझं लक्ष गेलं, तिचा अंगठा सतत दार उघडायच्या बटणावर असायचा. अशा कुबड्या नजरेतून सुटतात: हातातली पाण्याची बाटली, कानाला लावलेला फोन, माझी ओढणी. त्याही एकेक करून सोडाव्या लागतात.

कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. श्वास सावकाश, लांब सोडा, तेवढं पुरे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची किंवा शांत करणारी गोळी घेऊ नका. सवय लागते आणि सरावातून शिकलेलं पक्कं होत नाही. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर भीतीच असेल असं गृहीत धरू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

एमआरआय असेल तर भीती लपवू नका. टेक्निशियनला आधीच सांगा, हातात बोलावायचं बटण मागून घ्या आणि आत सरकण्याआधीच डोळे मिटा. मशीनची नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते.

मेट्रोचा सराव करायचा तर गर्दीच्या वेळी नको. भुयारी ॲक्वा लाइनवर दादर ते सिद्धिविनायक एकच स्टेशन आहे. मावशीने तिथूनच सुरुवात केली, मंगळवार टाळून.

सहा महिन्यांहून जास्त काळ भीतीमुळे कामं, भेटीगाठी सुटत असतील तर घरगुती सरावावर थांबू नका. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे.

बरं वाटलं की सराव सोडणं, ही शेवटची चूक. पावसाळ्यात मावशी पुन्हा अडकली. अशा वेळी दार ओढून बाहेर उडी मारायला जाणं, हाच जिवावरचा धोका असतो. तिने घंटा दाबली आणि खाली बसून राहिली. वॉचमनकाकांनी दार उघडलं तेव्हा घामाने भिजली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वही घेऊन आम्ही परत लिफ्टमध्ये उभ्या होतो, पहिल्या पायरीपासून, दार उघडं ठेवून.